अण्णांचा हात, काकांचा फोन

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय चौतीस. पुण्यात सात वर्षं नोकरी केली आणि दीड वर्षापूर्वी घरच्या धंद्यात आलो. दिंडोरी तालुक्यात आमची क्राफ्ट कागदाची, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी कागदाची, मिल आहे. दिवसाला साधारण साठ टन, सगळा माल रद्दीपासून. शिवाय वडिलांनी सुरू केलेलं लागवडीचं काम आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या शेतकऱ्यांना निलगिरी, सुबाभूळ, बांबूची रोपं द्यायची आणि तोडीला आली की माल उचलून लगद्याच्या मोठ्या मिलला आणि प्लायवूडवाल्यांना पाठवायचा. वडील गेल्यापासून दोन्हीकडचं काका बघतात.

दिवाळीआधी एका कन्सल्टंटकडून 'बिझनेस प्रोसेस मॅच्युरिटी', म्हणजे कामाची पद्धत किती मुरलीय ते, तपासून घेतली. आम्हाला पाचपैकी १.६ गुण मिळाले. सहा महिन्यांत तिसऱ्या पायरीवर नेतो म्हणतात. त्यासाठी ८६ एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) लिहायच्या आणि ईआरपी (सगळ्या धंद्याच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं. काका म्हणाले, "तीस वर्षं कागद निघतोय, तो काय आपोआप?" त्यांच्या पुढे मी काही बोलू शकलो नाही.

पण प्रश्न आहेतच. वजनकाट्यावरचे अण्णा येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत आणि रद्दीच्या गाडीला किती कट लावायचा, म्हणजे वजनातून किती कापायचं, हे त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाही. द्राक्षाच्या हंगामात पेटीवाले, म्हणजे आमच्या कागदाची खोकी करणारे, ओरडतात की तुमचा जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) जास्त बसतो. लागवडीकडे पाच वर्षांत तीन सुपरवायझर बदलले, कुणाच्या शेतात आपली कुठली रोपं आहेत याचा पत्ता नाही. सुरुवात कुठून करू? आणि एक छोटा प्रश्न: एसओपी इंग्रजीत असाव्यात की मराठीत?

– एक वाचक, नाशिक

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या १.६ पाशी अडखळले. दशांश चिन्हापुढचा तो सहा कुठून आला असेल, याचं मला फार कुतूहल आहे. तुमच्या मिलमध्ये जीएसएम चुकला तर रीळ उतरल्यावर कळतं. नर्सरीत रोप चुकलं तर पाच वर्षांनी, तोडीच्या दिवशी कळतं, आणि तोवर रोप देणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. या दोन कामांची घड्याळंच वेगळी आहेत. दोघांचे गुण एकत्र करून सरासरी काढणं म्हणजे घरात एकाला १०३ ताप आणि दुसऱ्याचं अंग गार पडलेलं असताना "एकंदरीत बरं आहे" म्हणण्यासारखं. तेव्हा तो आकडा ड्रॉवरमध्ये ठेवा.

पायऱ्यांची कल्पना मात्र वाईट नाही. गुणवत्तेसाठी पाच पायऱ्यांचा तक्ता फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ मध्ये मांडला. पुढे आयबीएममधून बाहेर पडलेले वॉट्स हम्फ्री यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेत तीच कल्पना सॉफ्टवेअरला लावली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ठेकेदार पारखायला मोजपट्टी हवी होती, हे त्यामागचं साधं कारण. १९९१ मध्ये तिचं पहिलं रूप आलं आणि २००८ मध्ये कुठल्याही धंद्याच्या कामकाजाला लावता येईल अशी आवृत्ती निघाली. तुमच्या कन्सल्टंटनी वापरली ती याच घराण्यातली असणार.

पायऱ्या अशा. पहिलीवर काम माणसांच्या जिवावर चालतं. दुसरीवर प्रत्येक विभाग झेपेल तेवढंच कबूल करतो आणि कबूल केलेलं करतो. तिसरीवर सगळीकडे एकच पद्धत असते. चौथीवर आकडे हातात येतात. पाचवीवर सुधारणा रोजच्या कामातच मुरलेली असते. दुसरीमधलं ते 'झेपेल तेवढंच कबूल करणं' बहुतेक जण वाचताना गाळतात आणि थेट तिसरीच्या एसओपी लिहायला बसतात. तुमचं पत्र मी जितकं वाचते तितकं मला वाटतं की तुमचं सगळं दुखणं दुसरीवर आहे. कुणी कुणाला काय कबूल केलं, हेच तुमच्याकडे ठरलेलं नाही. काट्यावर नाही, मशीनवर नाही, शेतकऱ्याच्या बांधावर तर नाहीच.

आणि काका चुकीचं बोलले नाहीत. कागद आपोआप निघत नाही. अण्णा आणि मशीनवरचे दोन-चार जुने लोक तो काढतात. पहिल्या पायरीची व्याख्याच ती आहे. फक्त त्यातले एक मार्चमध्ये घरी जाणार आहेत.

एसओपींबद्दल माझी एक जुनी चूक सांगते. सातपूरला एका कारखान्यात मी क्वालिटीला होते. भट्टीच्या पॅनेलच्या दाराला आतून कुणीतरी खडूने मिनिटांचे आकडे लिहिलेले असत. 'पाऊस, अधिक ५.' 'नवा माल, अधिक ८.' वर्षानुवर्षं तिन्ही पाळ्यांचे लोक तिथेच वाचत आणि तिथेच खाडाखोड करत. सर्टिफिकेटचं ऑडिट आलं. बाहेरचा माणूस दार उघडून बघेल म्हणून आदल्या संध्याकाळी मी ते पुसून घेतलं, वर रंगाचा हात मारायला लावला आणि फाइलमधली छापील एसओपी बाहेर टांगली. तीत चाळीस मिनिटं लिहिली होती. ऑडिट झकास झालं. चारच दिवसांनी पाऊस लागला, रात्रपाळीला नवा मुलगा होता, त्याने छापील कागदाप्रमाणे चाळीस मिनिटं दिली आणि दोन बॅच भंगारात गेल्या. मुलाला मेमो मिळाला. खरं तर तो मला मिळायला हवा होता. कारखान्याची जी काही मॅच्युरिटी होती ती त्या खडूत होती आणि ती मी ओल्या फडक्याने पुसली होती.

म्हणून ८६ एसओपींच्या आधी तुमच्या मिलमधला खडू शोधा. माझा अंदाज, पहिला काट्यावर सापडेल.

अण्णा काय करतात ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण रद्दीच्या काट्यावर बसणारे बहुतेक सगळे तेच करतात. गठाणीच्या फटीत हात घालतात, एक तुकडा ओढून चुरगळतात, कधी वास घेतात आणि म्हणतात, "चौदा." मग कट. ड्रायव्हर हुज्जत घालतो, सप्लायरचा फोन येतो, अण्णा एखादा टक्का सोडतात किंवा सोडत नाहीत. हे बाहेरून गूढ वाटतं. पण अण्णा एकाच वेळी तीन कामं करतायत: ओल ओळखणं, प्रत ओळखणं आणि भांडण मिटवणं. तीन वेगळी केली की निम्मं गूढ जातं.

ओल आधी घेऊ, कारण तिथे हिशोबच चुकत असेल अशी मला शंका आहे. समजा, सप्लायरशी तुमचं १२ टक्के ओल धरून ठरलंय आणि दहा टनांच्या गाडीत निघाली १८. बहुतेक ठिकाणी काय करतात? सहा टक्के जास्त, म्हणून ६०० किलो कापा. पण मांडून बघा. १०,००० किलोत १८ टक्के पाणी म्हणजे सुका माल ८,२०० किलो. तो १२ टक्के ओलीच्या रद्दीत मोजायचा तर ८,२०० भागिले ०.८८, म्हणजे ९,३१८ किलो. कट ६८२ किलोंचा हवा. दर टक्क्याला दहा टनांमागे शंभर नाही, साधारण ११४ किलो. वरचे ८२ किलो तुम्ही प्रत्येक अशा गाडीमागे रद्दीच्या भावाने पाणी विकत घेता. साठ टन कागदाला रोज किती गाड्या लागतात ते तुम्हाला माहीत आहे, पुढचा गुणाकार तुम्हीच करा. पावसाळ्याचे चार महिने धरून करा.

हा तक्ता काट्याच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. बारा म्हणजे शून्य, तेरा म्हणजे ११४, चौदा म्हणजे २२७, असा अठरापर्यंत. ड्रायव्हरला खिडकीतून दिसला पाहिजे. हुज्जतीचा निम्मा जोर तिथे ओसरतो, कारण आता अण्णा कापत नाहीत, तक्ता कापतो.

मग अण्णांचा हात. तो मीटर घेऊन मोडीत काढू नका. रद्दीच्या गठाणीत खुपसायचे मीटर स्वतःच लहरी असतात. वरची गठाण उन्हाने वाळलेली, खालची ठिबकणारी, मीटर कुठे खुपसला त्यावर आकडा. खरा आकडा ओव्हनचाच. तुकडे वजन करून १०५ अंशांवर ठेवायचे, वजन घटायचं थांबलं की पुन्हा तोलायचे. तुमच्या लॅबमध्ये ओव्हन असणारच. चाळीस गाड्या घ्या. प्रत्येक गाडीला अण्णांनी आधी आकडा बोलायचा, मीटरकडे न बघता. तो वहीत लिहायचा. मग वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातल्या गठाणींतून तुकडे काढून ओव्हनला. वहीत तीन रकाने: अण्णा, मीटर, ओव्हन. चाळीस गाड्यांनंतर अण्णा ओव्हनच्या एक टक्का इकडे-तिकडे निघाले, तर मीटरपेक्षा त्यांचा हात भरवशाचा. मग मार्चपर्यंत दोन पोरं त्यांच्याशेजारी उभी करा आणि त्यांनाही आधी आकडा बोलायला लावा. हात चुकत-चुकतच शिकतो. आणि अण्णाच तीन-तीन टक्क्यांनी चुकताना दिसले तर ती वही चारचौघांत वाचू नका. त्यांना एकट्याला दाखवा. माणूस इतकी वर्षं तुमच्या दारात उन्हातान्हात बसलाय.

प्रतीचा भाग ओलीहून महत्त्वाचा आहे, आणि तो थेट तुमच्या पेटीवाल्यांच्या तक्रारीला जाऊन भिडतो.

पेटीवाला १२० जीएसएम, २० बीएफ मागतो. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागदाच्या मजबुतीचा आकडा. म्हणजे त्याला फुटण्याची ताकद हवी चौरस सेंटिमीटरला २.४ किलो, १२० गुणिले २०, भागिले हजार. आता रद्दीचा लगदा करणाऱ्या पल्परमध्ये त्या दिवशी कमकुवत माल गेला, दोन-तीनदा फिरून आलेल्या जुन्या पेट्या, आणि बीएफ बसला १९.२. मशीनवरच्या माणसाला हे लॅबच्या आधी हाताला कळतं. तो काय करतो? जीएसएम १२५ वर नेतो. १२५ गुणिले १९.२, पुन्हा बरोबर २.४. बर्स्टच्या टेस्टला रीळ पास, लॅब खूश, मिलचं काहीच गेलेलं नाही कारण माल किलोवर विकला. गेलं ते पेटीवाल्याचं. त्याला एक टनात १२० ने ८,३३३ चौरस मीटर कागद मिळायला हवा होता, मिळाला ८,०००. चार टक्के पेट्या कमी. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये गाडी उभी असताना त्याला हे कळतं, म्हणून तो ओरडतो.

ऑपरेटरला यात दोष देऊ नका, तो त्याच्या परीने तुमचा ग्राहक सांभाळतोय. गेटवर अण्णांनी हाताने ओळखलेली प्रत यार्डात पोचेपर्यंत हरवते, हा दोष आहे. कटिंग, जुन्या पेट्या, मिक्स, सगळं एका ढिगात. अण्णांना जे माहीत होतं ते पल्परवाल्याला माहीत नाही. तेव्हा यार्डात तीन रांगा आखा, चुन्याने आखल्या तरी चालतील, आणि प्रत्येक पाळीला पल्परवाल्याने एवढंच लिहायचं: कुठल्या रांगेतून किती गठाणी उचलल्या. तीन आकडे. महिनाभर हे तीन आकडे आणि लॅबचा बीएफ शेजारीशेजारी ठेवलेत तर मशीनवाल्याला जीएसएम चढवण्याची वेळ का येते, ते तुम्हाला कुठल्याही रिपोर्टपेक्षा स्वच्छ दिसेल.

आता अवघड भाग. काकांचा फोन.

पत्रात तुम्ही हा विषय टाळलाय. पण काका ऑर्डरी कशा घेतात हे मला न सांगता दिसतंय, कारण या धंद्यातले सगळे काका तशाच घेतात. संध्याकाळी पाचला फोन, "अहो, उद्या सकाळी दहा टन १४० चा द्या, शेतकरी दारात बसलाय." काका म्हणतात, "होऊन जाईल." मशीन १०० वर चाललेलं. जीएसएम बदलला, शेड (रंगछटा) बदलली, मधला सगळा कागद ब्रोक, म्हणजे विकता न येणारा, आणि हे दिवसातून दोनदा. यातलं नुकसान दिसत नाही, कारण ब्रोक परत पल्परमध्ये जातो. तंतू वाया जात नाही, म्हणून कुणालाच काही वाया गेल्यासारखं वाटत नाही. वाया जाते वाफ, वीज आणि मशीनचा तास. आणि रीळ कापून पुन्हा गुंडाळतात त्या रिवाइंडरवर काय होतं ते बघा. दहा टनांची एकच रुंदी आली की डेकल, म्हणजे मशीनची पूर्ण रुंदी, भरत नाही, कडेची पट्टी रुंद निघते, तीही ब्रोक.

काकांना हे भाषण देऊन पटणार नाही. माझ्या सासऱ्यांना पटलं नसतं. दोन गोष्टी करा.

एक, पंधरा दिवस काहीही न बदलता फक्त मोजा. प्रत्येक बदलाला आधीचा चांगला रीळ कधी उतरला, नंतरचा चांगला रीळ कधी आला आणि मध्ये ब्रोक किती. लिहिणारा माणूस काकांच्या विश्वासातला असू द्या, तुमच्या नको. पंधराव्या दिवशी ती वही काकांच्या हातात द्या आणि काही बोलू नका. तीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला आकडे वाचून दाखवावे लागत नाहीत.

दोन, मग तीन दिवसांचा प्लॅन बांधून टाका, मशीनशेजारच्या फळ्यावर, आणि काकांना आठवड्याला दोन वेळा तो मोडायचा हक्क द्या. खरंच द्या. फक्त मोडायचा असेल तेव्हा काकांनी स्वतः मशीनवर येऊन खडूने लिहायचं: कुणासाठी, किती टन. तिसऱ्यांदा मोडायचा असेल तर त्यांनी तुम्हाला विचारायचं. हसू नका. मालकाचा शब्द पूर्ण काढून घेणारी पद्धत घरच्या कंपनीत महिनाभर टिकत नाही. मोजून दिलेला शब्द टिकतो. हम्फ्रींची दुसरी पायरी दिंडोरीत अशीच चढावी लागते.

फोनच कमी यावेत यासाठी मात्र नाशिककरांजवळ एक सोय आहे, जी बाहेरच्या कन्सल्टंटला माहीत नसते. द्राक्षाची पेटी अचानक लागत नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठीची गोडी छाटणी, आणि गोडी छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल. कुठल्या पट्ट्यात छाटण्या कधी झाल्या हे पेटीवाल्याला बिनचूक ठाऊक असतं, त्याचे अर्धे ग्राहक नात्यातले असतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चची मागणी नोव्हेंबरमध्येच वेलीवर लिहिलेली असते. तुमच्या मोठ्या आठ-दहा पेटीवाल्यांकडे नोव्हेंबरात स्वतः जा. ऑर्डर मागू नका, छाटण्यांच्या तारखा विचारा. कुठल्या आठवड्यात कुठला जीएसएम आणि कुठली रुंदी, याचा ढोबळ तक्ता एका संध्याकाळी बनतो. निर्यातीचा माल शीतगृहात जातो, तिथे पेटी ओल धरून बसते, त्यामुळे कोणाला पाणी कमी पिणारा, म्हणजे कमी कॉबचा कागद लागणार हेही तेव्हाच विचारून घ्या. तो कागद ऐन मार्चमध्ये पाच वाजताच्या फोनवर करायचा नसतो.

पाळीबदलाबद्दल थोडक्यात. दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर मशीनपाशी एकत्र उभे राहिले पाहिजेत आणि त्या दहा मिनिटांचे पैसे तुम्ही दिले पाहिजेत. बाकी लॉगबुक वगैरे आपोआप सुधारतं.

लागवडीकडे येते. मला तुमच्या कंपनीतली सगळ्यात काळजीची जागा ही वाटते, मिल नाही.

जंगलावर अवलंबून असणाऱ्या उद्योगांनी कच्चा माल थेट शेतकऱ्यांशी संबंध जोडून, त्यांना लागवडीचं साहित्य, सल्ला, वाहतुकीची मदत देऊन उभा करावा, असं १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणातच आहे. तुमच्या वडिलांनी नेमकं तेच केलं. पण हा संबंध पाच वर्षांचा असतो आणि सुपरवायझरची नोकरी दीड वर्षाची. शेतकऱ्याला आठवतं, 'साहेब म्हणाले होते, अमुक भाव देऊ.' कंपनीला काहीच आठवत नाही. इथे कबूल करणारा तोंड दाखवून निघून गेलाय आणि कबुली मागे राहिलीय.

उपाय शोधायला लांब जाऊ नका. २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारं ग्रेपनेट सुरू केलं, तेव्हापासून जिल्ह्यातला निर्यात करणारा बागायतदार बागेची नोंदणी करतो आणि कुठली फवारणी कधी केली ते लिहून ठेवतो. तरीसुद्धा २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात माल अडकला होता, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या धक्क्यानंतर वहीला कुणी नावं ठेवली नाहीत. दोन एकरवाला शेतकरी जे करू शकतो ते तुमच्या कंपनीला जड जाऊ नये.

प्रत्येक शेतासाठी एक कार्ड करा. माणसाच्या नावाने नको, गट क्रमांकाने करा. माणसं बदलतात, भाऊहिस्से होतात. त्यावर नर्सरीतली कुठली बॅच, किती रोपं, लागवडीची तारीख, फोनवरून घेतलेलं ठिकाण, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर जगलेली झाडं. हा शेवटचा आकडा शेतात जाऊन मोजलेला हवा, फोनवर विचारलेला नको. एक प्रत शेतकऱ्याकडे, सहीनिशी. जुन्या लागवडीसाठी हे आत्ता करताना त्रास होईल, पण उन्हाळ्यात दोन कृषी पदविकेची पोरं आणि एक मोटारसायकल एवढ्यात होण्यासारखं आहे. भाव काय कबूल केला होता हे शेतकऱ्याला विचारा आणि तो म्हणेल ते लिहून घ्या. मान्य करा असं म्हणत नाही, लिहून घ्या. तुम्हाला कळेल तरी की तुमच्या नावावर किती शब्द फिरतायत.

तोडीच्या वेळचं एक भांडण मी जवळून पाहिलंय. लाकूड तोडलं की त्यातलं पाणी रोज उडतं आणि वजन रोज घटतं. शेतकऱ्याने सोमवारी तोडलं, गाडी शनिवारी आली, तर मधल्या पाच उन्हांचे पैसे त्याचे गेले. तो म्हणतो काटा मारला. काटा कुणीच मारलेला नसतो, उन्हाने मारलेला असतो. म्हणून नियम एकच: गाडीची तारीख पक्की झाल्याशिवाय कुऱ्हाड लावायला सांगायचं नाही, आणि तारीख चुकली तर दिवसागणिक काय भरपाई ते आधी कार्डावर लिहायचं. साल काढून की सालीसकट, हेही तिथेच.

परवानग्यांचा वेळ या तारखेत धरा. बांबूचं सोपं आहे. १९२७ च्या वन अधिनियमात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. पण पेठ-सुरगाण्यात तुमचे बरेच शेतकरी आदिवासी खातेदार असणार, आणि त्यांच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. काहींची जमीन वनहक्काच्या पट्ट्याची असेल. कुठल्या गटाला काय लागू आहे हे लागवडीच्या वेळी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि कार्डावर नोंदवा. पाच वर्षांनी गाडी दारात उभी करून विचारू नका.

राहिले कन्सल्टंट. त्यांना काढू नका, पैसे दिलेच आहेत. त्यांच्याकडून गुणपत्रिकेऐवजी मुलाखतींच्या कच्च्या नोंदी मागा. काट्यावर, यार्डात, रिवाइंडरवर लोक काय बोलले ते त्यात असेल आणि ते १.६ पेक्षा शंभरपट कामाचं आहे. ईआरपी वर्षभर थांबवा. अण्णांच्या वहीतले तीन रकाने आधी कागदावर नीट भरू द्यात. आज घेतलंत तर जो आकडा चुकीचा आहे तोच जास्त वेगाने तुमच्या ऑफिसपर्यंत पोचेल, आणि सुंदर छापलेला असल्यामुळे त्यावर कुणी शंकाही घेणार नाही. सहा महिन्यांत तिसरी पायरी होणार नाही. मार्चपर्यंत काटा आणि यार्ड, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत छाटण्यांचा तक्ता आणि काकांचे दोन हक्क, लागवडीच्या कार्डांना दोन उन्हाळे. असं काहीसं धरा. यंदाच्या हंगामात मशीनवर नवं काही लादू नका, त्या दिवसांत लोकांना जेवायला वेळ मिळत नाही.

एसओपी मराठीत की इंग्रजीत? मशीनवर बोलतात त्या भाषेत. 'वेब ब्रेक झाल्यास' असं कुणी ओरडत नाही, 'पेपर तुटला' असंच ओरडतात, तर तसंच लिहा. फेल्ट, वायर, डेकल, पल्पर हे शब्द आहेत तसे ठेवा, त्यांचं मराठी करायला जाल तर अण्णासुद्धा वाचणार नाहीत. आणि रात्रपाळीला तुमच्याकडे बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं असतीलच. त्यांच्यापैकी एकाला फळ्यापाशी बोलवा, खडू त्याच्या हातात द्या आणि विचारा, पेपर तुटल्यावर तू पहिलं काय बंद करतोस.